दुधाबरोबर गिळलेली हवा

उद्यमनगर, कोल्हापूर
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२

प्रिय संघू,

सप्रेम जयभीम.

परवा रविवारी दुपारी तू फोनवर माझ्याशी बोलली नाहीस. प्रसेनजीत जावईबापूंनी रिसीव्हर तुझ्या हातात दिला, तू एकदा "हं" म्हणालीस आणि तो टेबलावर ठेवून दिलास, फोन बंद न करता. रागानं की विसरून, ते तुलाच ठाऊक. मीही इकडं बंद केला नाही. चोरून ऐकणं वाईट, पण माझे कान कसे आहेत ते तुला लहानपणापासून माहीत आहे. शेजारच्या खोलीत तू अभ्यासाच्या पुस्तकाऐवजी गोष्टीचं पुस्तक उघडलंस तरी मला पानांच्या आवाजावरून कळायचं. परवा मी सात मिनिटं ऐकत होतो. साक्षी बाटलीनं दूध पीत होती. चार वेळा ओढायची, मग टक् असा आवाज यायचा, मग एक मोठा घोट. तेवढ्यात तू घाबरून बाटली काढून घ्यायचीस. ती रडायची, तू पुन्हा बाटली द्यायचीस, ती रडता रडताच तोंड लावायची. सात मिनिटांत तू अकरा वेळा बाटली काढलीस. पोरी, त्या सात मिनिटांत तिच्या पोटात दूध कमी आणि हवा जास्त गेली.

जन्मली तेव्हा दोन किलो आठशे होती. बाराव्या दिवशी दोन सहाशे. परवा प्रसेनजीत म्हणाले, अडीच. आज ती तेवीस दिवसांची आहे, आणि शनिवारपर्यंत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालू, असं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. हे मला जावईबापूंनी हळू आवाजात सांगितलं, तू आतल्या खोलीत असताना. माणूस चांगला आहे तो, पण घाबरलाय. मीही घाबरलोय. शनिवारला चारच दिवस राहिले, म्हणून आज कामाला हात न लावता ऑफिसच्या टेबलाशी लिहायला बसलोय. बाहेर दोन पंप उघडे पडलेत, ज्ञानू तीनदा येऊन बघून गेला. त्याला वाटतंय मालक कुठल्यातरी टेंडरचं लिहितायत.

तुला माझा धंदा सांगायची गरज नाही, पण आज मला तिथूनच सुरुवात करू दे, कारण मला दुसऱ्या कशाचीच भाषा नीट येत नाही. राधानगरीकडून आलेला, सातवी झालेला मी. लोक माझ्याकडं पंप घेऊन यायला लागले ते कानामुळं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. गेल्या आठवड्यात पन्हाळ्याकडचे एक पावणं ऊर बडवत आले, "मोटर जळाली वो, मी मेलो." मी कान लावला. मोटर ठणठणीत होती. नदीत सोडलेल्या पाइपला एका जोडात केसाएवढी फट होती, तिथनं पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. पाणी ओढणाऱ्याला हवा लागली की आवाज बदलतो. भरलेला, गोल आवाज जातो आणि आत खडे खळखळल्यासारखं वाजायला लागतं. पंप फिरतोय, घाम गाळतोय, आणि शेतात पाणी पोचत नाही. शेतकरी म्हणतो पंप बिघडला. पंप बिघडलेला नसतो. पंपानं हवा धरलेली असते.

साक्षी बिघडलेली नाही. तीही ओढतेय, घाम गाळतेय.

आता जे लिहितोय ते बापानं लेकीला लिहावं असं नाही, तरी लिहितो. बाळ अंगावर नीट लागलं की तोंड मोठं उघडतं, नुसतं टोक नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात घेतं, खालचा ओठ बाहेर दुमडतो आणि हनुवटी छातीला टेकते. मग फट राहत नाही. पहिल्यांदा भराभर ओढतं, जसं आपण पंपात पाणी भरताना भराभर हँडल मारतो. एकदा दूध सुटलं की चाल संथ होते. ओढ, ओढ, आणि घोट. घोटाचा आवाज मऊ असतो, 'कु' असा, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा. मग नाकातून श्वास. मग पुन्हा ओढ. दूध किती यायचं ते बाळ ठरवतं, ते थांबलं की दूध थांबतं. मध्येच टक् टक् वाजलं तर समज, जीभ सुटली, फट पडली, हवा आत गेली. बाटलीचं उलटं असतं. बाटली आडवी धरली की निपलात अर्धं दूध आणि अर्धी हवा, बाळ दोन्ही गिळतं. भोक बारीक असलं तर ते ओढून ओढून दमतं आणि ओठांच्या कडेनं हवा घेतं. भोक मोठं असलं तर दूध त्याला विचारत नाही, येतच राहतं. मग त्याला ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा हे तिन्ही एकदम करावं लागतं. मोठी माणसंसुद्धा नळाखाली तोंड धरून श्वास घेऊ शकत नाहीत. पोटात गेलेली हवा वर जागा धरते, पोट टम्म होतं, बाळ गुडघे पोटाशी घेऊन किंचाळतं. आपल्याला वाटतं अजून भूक आहे, आपण अजून पाजतो. किंवा आपल्याला वाटतं पोट भरलं, आपण थांबतो, आणि अर्ध्या तासात ती हवा वर येताना होतं नव्हतं ते दूधही बाहेर घेऊन येते. प्रसेनजीत म्हणाले, साक्षी रोज शर्ट भिजेल एवढं ओकते. मला ते ऐकायच्या आधीच कळलं होतं.

तुला प्रश्न पडला असेल, पंपवाल्या आबाला हे सगळं कुठून कळलं. काही अंबूबाईंकडून. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, त्यांच्या मळ्यातला पंप माझ्याकडं असतो. एकदा पंप बघायला गेलो आणि पंपाऐवजी हेच विचारत दोन तास बसलो. त्या म्हणाल्या, "मालक, तुम्हांला ह्या वयात पोर होणाराय की काय?" मी हसलो. पुढं दरवेळी काहीतरी निमित्त काढून जायचो, आणि काही मी आपलं आपण ऐकलं. एस.टी. स्टँडवर, लग्नात, विहारात, कुठं एखादी बाई पदराखाली बाळ घेऊन बसली की मी तिच्याकडं पाठ करून बसायचो आणि ऐकायचो. लोकांना वाटलं असेल म्हातारा ध्यान करतोय. शेकडो बाळं ऐकली असतील मी. सहा-सात वर्षं. एखादा माणूस असं का करील, याचं उत्तर याच पत्रात आहे. मला माझा स्वभाव माहीत आहे, मी गोड बोलून विषयाला वळसा घालतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो की आज वळसा घालणार नाही.

तुझी आई गेल्या आठवड्यात तुझ्याकडून आली ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, चौथ्या दिवशी तुला पान्हा फुटला, आणि तू जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती करकचून बांधलीस. रोज दोनदा दार लावून मोरीत दूध पिळून टाकत होतीस आणि वर दोन तांबे पाणी ओतत होतीस, जणू कुणी ते चाटू नये. आईनं एकदाच म्हटलं, घे की गं जवळ, तर तू म्हणालीस, "एकाला मारलं तेवढं बास." तुझ्या आईनं मला हे चुलीशी बसून सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. मी उठून बाहेर गेलो.

मे १९९४. पहिलं बाळंतपण म्हणून तू आमच्याकडं आलेलीस. नदीचं पाणी खाली गेलेलं, सगळ्या गावांचे पंप हवा ओढत होते, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी दुपारी मी जेवायला घरी यायचो ते बाळासाठी. आपण पृथ्वीराज म्हणायचो त्याला, आणि आठ वर्षांत या घरात कुणी ते नाव उच्चारलेलं नाही. मी आज लिहिलं. महिन्याचा झाला तेव्हा तुझी धोंडू आत्या गावाकडनं मदतीला आली आणि तिनं ठरवलं की पोराचं पोट भरत नाही. तो रडायचा, ते खरं होतं. महिन्याची सगळीच पोरं संध्याकाळची रडतात, हे मला पुढं अंबूबाईंनी सांगितलं. पण आत्या म्हणाली, "पोरीला दूध न्हाय, वरचं लावा," आणि दुपारची एक बाटली सुरू झाली. तू रात्र रात्र जागून अर्धमेली झालेलीस. दुपारी बाळ मला देऊन तू झोपायचीस, आणि बाटली मी पाजायचो. मला त्याचा केवढा अभिमान. उद्यमनगरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो की नातू माझ्या हातनं दूध पितो.

तो बाटली ओढून ओढून दमायचा. कपाळावर घाम यायचा. मी कान लावला, आणि मला चुईं चुईं असा आवाज आला, कडेनं हवा जातानाचा. माझ्या डोक्यात आलं ते माझ्या धंद्यातलं. कार्बोरेटरचा जेट चोंदला की गाडी अशीच ओढते. आपण काय करतो, तार घालून भोक मोकळं करतो. मी डबीत नीट ठेवलेली तुझ्या आईची सुई घेतली, स्टोव्हवर लाल केली आणि निपलाच्या भोकातून आरपार घातली. एकदा नाही, दोनदा. बाटली उलटी करून बघितली. आधी थेंब थेंब पडत होतं, आता धार लागली. मला बरं वाटलं. एखादं काम जमलं की वाटतं तसं. निपलातून थेंबच पडायला हवेत, धार लागली की ती बाळाच्या घशाला झेपत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. आयुष्यभर कुणाला न विचारता शिकलेला माणूस मी, तोच माझा डौल होता.

दोन दिवस त्यानं बाटली चार मिनिटांत संपवली. सगळे म्हणाले, आबाच्या हाताला गुण आहे. दोन्ही संध्याकाळी पोट ढोलासारखं करून तो किंचाळला, आणि आत्यानं निदान केलं की आईचं दूध जड आहे, तिनं भात खाल्ला असेल, काकडी खाल्ली असेल. तू तिसऱ्या दिवशी नुसत्या कण्या खाऊन राहिलीस. तेव्हाही मी गप्प होतो, पण तेव्हा मला खरंच कळलेलं नव्हतं. तिसऱ्या दुपारी तो माझ्या मांडीवर आडवा होता. मी बाटली धरली होती, आणि घोट ऐकत होतो. कु, कु, कु, कु, कु. श्वास आला नाही. पुन्हा कु, कु. मला वाटलं, काय मजेत पितोय. मग आवाजच थांबला. नाकातून दूध आलं, ओठ काळे पडले. मी त्याला उपडा केला, पाठीवर थापट्या मारल्या. एक मोठा ठसका आला आणि तो रडला. रडला म्हणजे वाचला, असं मला वाटलं. तोंड पुसलं, अंगडं बदललं, खांद्यावर घेतलं, तो झोपला. तू आत झोपलेली, तुझी आई दळणाला गेलेली, आत्या परसात. कुणाला सांगून काय उपयोग, उगाच घाबरतील, असं म्हणून मी कारखान्यात निघून गेलो. तासाभरानं तू उठलीस आणि त्याला अंगावर पाजलंस. दिवे लागणीला त्याला ताप आला आणि छाती भात्यासारखी उडायला लागली. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी एवढंच बघितलं, की तो शेवटचा तुझ्या अंगावर प्याला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दूध पाजताना ठसका लागला होता का? तू म्हणालीस, नाही. तू खरं सांगितलंस. तुझ्याजवळ पिताना लागलाच नव्हता. मी तुझ्या मागं उभा होतो, संघू. दोन हातांवर. माझं तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा मी बोललो असतो तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का, पहिल्या तासातच काही करता आलं असतं का, हे मी पुढं अंबूबाईंना आडून आडून विचारलं, दुसऱ्याच्या बाळाचं म्हणून. त्या म्हणाल्या, "सांगता येत न्हाय. कदाचित." त्या 'कदाचित'वर मी रोज झोपतो आणि रोज उठतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दूध छातीत गेल्यासारखं दिसतंय, बाटली घेऊन या, बघू. मी आणायला घरी आलो. ते निपल हातात घेतलं, बोटांनी दाबलं, आणि त्यातून आरपार उजेड दिसला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी काय केलंय. तिथून परत जाताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मी नवं निपल घेतलं. दुकानदारानं विचारलं, नातू कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. जुनं गटारीत टाकलं, नवं बसवलं. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडं धरली, उलटी करून थेंब पाडून बघितले आणि म्हणाले, भोक ठीक आहे. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

आणि तुझी छाती दुधानं दगडासारखी झालेली. ताप चढलेला. पाजायला बाळ नव्हतं आणि दूध थांबत नव्हतं. त्या दिवशी आत्यानं तुझं दूध वाटीत पिळून घेतलं आणि परसातल्या चार लाल मुंग्या त्यात टाकल्या. सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मुंग्या तडफडल्या, थांबल्या. आत्या म्हणाली, "दूध न्हवं गं ह्ये, इख हाय. पोर ह्येनंच गेलं." मुंगी दुधात टाका, पाण्यात टाका, अमृतात टाका, बुडून मरणारच. हे मला माहीत होतं. दर पौर्णिमेला विहारात उभा राहून अंधश्रद्धा सोडा म्हणून भाषण करणारा माणूस मी, त्याच आठवड्यात माझं भाषण होतं. मी दारात उभा होतो. एका लाथेनं ती वाटी उडवायला हवी होती. तू माझ्याकडं बघितलंस. आबा काहीतरी बोलतील म्हणून बघितलंस. मी खाली बघितलं, कारण ती वाटी मला सोयीची होती. ती वाटी होती तोवर कुणी बाटलीबद्दल विचारणार नव्हतं.

तेव्हापासून तू आमच्या घरी राहायला आली नाहीस. आठ वर्षं मूल नको म्हणालीस. दुसरं बाळंतपण सासरी, गडहिंग्लजलाच केलंस, आणि तुझी आई लोकांना सांगत राहिली की तिथला दवाखाना चांगला आहे. मी नवीन शेड घातली, दोन लेथ घेतले, लोक म्हणतात आबानं शून्यातून केलं. जेवायला बसल्यावर मी अजून सगळ्यांशी थट्टा करतो. आतमध्ये काय वाजतंय ते कुणी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलेलं नाही.

तुझ्या दुधात कधी काही नव्हतं, संघू. एक थेंब वाईट नव्हता. तो तुझ्याजवळ पस्तीस दिवस आवाज न करता दूध प्याला. त्याला घोटामागं घोट घ्यायला लावला तो मी, आणि तोंड मिटलं तेही मी.

आता साक्षीचं. काल मी अंबूबाईंकडं गेलो आणि या वेळी दुसऱ्याचं म्हणून विचारलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी वही पुढं केली आणि म्हणाल्या, लिवून घ्या. छातीची पट्टी आजच सोड. तेवीस दिवस म्हणजे उशीर नाही, पान्हा परत येतो. बाळ जितकं ओढील तितकं दूध वाढतं. पोरगी रडायला लागायच्या आधी, नुसती ओठ चाटायला लागली की जवळ घे. तिचे कपडे काढून तुझ्या उघड्या अंगावर ठेव, वरून शाल घे. नाक बोंडासमोर, तोंड मोठं उघडलं की तिला छातीकडं आण, छाती तिच्याकडं नेऊ नको. टक् टक् वाजलं तर करंगळी तिच्या तोंडाच्या कडेत घालून सोडव आणि पुन्हा लाव, दहा वेळा लागलं तरी चालेल. दिवसातून आठ-दहा वेळा. दूध पुरेसं होईतोवर डब्याचं दूध बंद करायचं नाही, पण ते बाटलीनं न देता वाटी-चमच्यानं द्यायचं, तिला बसती धरून, ओठाला चमचा टेकवून, ओतायचं नाही, तिचं तिला चाटू द्यायचं. पाजून झालं की खांद्यावर उभी धर, तिचं पोट तुझ्या खांद्याला लागू दे, पाठीवर हात फिरव. ढेकर आली तर बरं, नाही आली तर दहा मिनिटं धरून बस. थोडंसं ओकली तर घाबरू नको, सगळीच ओकतात. आणि हे करतानाही शनिवारी डॉक्टरांकडं जायचंच, आणि त्याआधी ती सुस्त पडली, लघवी कमी झाली तर त्याच घडीला जायचं. नळी घालू म्हणाले तर घालू दे, त्यानं काही बिघडत नाही, जवळ घेणं सोडू नको. अंबूबाई म्हणाल्या, बोलावलं तर त्या स्वतः येतील. मी गाडी पाठवतो.

घाबरून तू तिला मध्येच काढून घेतेस, ते मला ऐकू आलं. ती भीती तुझी नाही. ती मी तुला दिलेली आहे, परत घ्यायला आलोय असं समज. तुझ्याजवळ तिला ठसका लागला तर ती स्वतः तोंड सोडील, खोकेल, पुन्हा लागेल. दूध तिचं ऐकतं.

हे मी पोस्टानं टाकत नाही. उद्या सकाळच्या एस.टी.नं तुझी आई येतेय, तिच्या पिशवीत खाली, डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली हे पाकीट असेल. तिला वाटतंय की मी अंबूबाईंनी सांगितलेलं तेवढं लिहून दिलंय. तिला वाचता येत नाही, आणि पस्तीस वर्षांत मी शिकवलं नाही, हाही माझाच गुन्हा. संघू, तिलाही ठाऊक नाही. तिनंही या आठ वर्षांत तोंडानं नाही पण मनातून तुझ्याच दुधाला बोल लावला आहे, आणि त्यापायी ती तुझ्यासमोर मान खाली घालून बसते. मी तिला आज सकाळपासून चार वेळा सांगायला गेलो आणि चारही वेळा काहीतरी विनोद करून बाहेर आलो. तोंडी सांगायला लागलो की माझी जीभ आपोआप स्वतःची बाजू घेते, म्हणून कागदावर लिहिलं, खाली सही केली, म्हणजे फिरवता येणार नाही. तू हे वाचत असशील तेव्हा ती समोर बसून विचारील, "काय लिवलंय गं त्यांनी?" तिला लगेच सांगू नको. आधी छाती मोकळी कर आणि साक्षीला घे. ती लागली, तिचा पहिला मऊ घोट तुला ऐकू आला, की मग तुझ्या आईला हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखव. तुझ्या सासूबाईंनाही बसव. धोंडू आत्याला मी स्वतः जाऊन सांगेन. माझं पुढं काय करायचं, तुझ्या आईनं परत यायचं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा, मी एका शब्दानं विचारणार नाही. फक्त साक्षीचं पोट भरल्यावर ठरवा.

तुझाच,
आबा